चावडीवरचा रेडिओ

काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या मराठी शाळेच्या पालकसभेत एक वाद रंगला होता. तुमच्यापैकी काहींना तो आठवत असेल. विषय साधाच होता: घरी मराठी मालिका आणि सिनेमे लावले तर मुलांचं मराठी सुधारतं का? निम्मे पालक म्हणत होते, "सुधारतं, आमच्याकडे बघा." उरलेले म्हणत होते, "कसलं काय हो, मुलं आयपॅड घेऊन वर जाऊन बसतात आणि मालिका आपणच बघतो." शेवटी अध्यक्षांनी नेहमीच्या पद्धतीने तोडगा काढला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? एक सर्व्हे करून टाका."

झालं! मी मोठ्या उत्साहाने ऑनलाइन फॉर्म बनवला, दोन आठवड्यांत उत्तरं गोळा केली आणि पुढच्या सभेत रंगीत आलेख दाखवला. ज्या घरी रोज मराठी टीव्ही लागतो त्या घरची मुलं बरं मराठी बोलतात, असं त्यात स्पष्ट दिसत होतं. टाळ्याही पडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका काकूंनी हात वर केला. "अहो, ज्यांच्याकडे आजी-आजोबा सहा-सहा महिने येऊन राहतात, त्यांच्याकडेच तर दिवसभर मालिका चालू असतात. मग ती मुलं मालिकेकडून शिकली की आजीकडून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाज वाटली ती याची, की कामाच्या ठिकाणी वेबसाइटवरच्या एका बटणाचा रंग बदलायचा असला तरी आम्ही अर्ध्या गिऱ्हाइकांना जुना रंग दाखवतो, अर्ध्यांना नवा, आणि मगच काय ते ठरवतो. त्याला ए/बी टेस्टिंग असं भारदस्त नाव आहे. आणि पोरांच्या मातृभाषेचा प्रश्न मात्र मी एका फॉर्मवर निकालात काढला होता!

त्या रात्री मला एका जुन्या अहवालाची आठवण झाली. मी इथे एम. एस. करत असताना युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत तासावर काम करायचो. परत आलेली पुस्तकं तळघरातल्या कपाटांत लावायची, हे काम. बाहेर बर्फ, आत मी आणि दिव्यांची गुणगुण. एके दिवशी युनेस्कोची एक पातळशी पुस्तिका हाताला लागली. साल १९५९. उघडली तर आत पुणे, नाशिक, कोल्हापूर, अहमदनगर, उत्तर सातारा! घरापासून आठ हजार मैलांवर आपल्या जिल्ह्याचं नाव छापलेलं दिसलं की काय होतं, हे इथल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. मी ती पुस्तिका उभ्या उभ्या वाचून काढली. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर कसं शोधायचं, ते आपल्याच गावांमध्ये १९५६ साली कुणीतरी करून दाखवलं होतं. त्याची ही गोष्ट.

पण ती गोष्ट सुरू होते इथे, अमेरिकेत.

१९३० च्या दशकात अमेरिकेच्या घराघरांत रेडिओ पोचला आणि त्याबरोबर एक भीतीही. हे यंत्र लोकांच्या मनाचं काय करतं? ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्सने मंगळावरच्या लोकांच्या स्वारीचं नभोनाट्य सादर केलं. नाटकात हे मंगळवासी उतरतात न्यूजर्सीच्या ग्रोव्हर्स मिलमध्ये. आज तिथे, वेस्ट विंडसरच्या परिसरात, आपली किती मंडळी राहतात ते तुम्हाला ठाऊक आहेच! दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी छापलं की देशभर घबराट पसरली. जवळच्याच प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीतल्या हॅडली कँट्रिल यांनी लगेच अभ्यास हाती घेतला आणि १९४० साली पुस्तक काढलं. त्यासाठी १३५ लोकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या होत्या. पण त्यांतले शंभराहून अधिक लोक मुळात घाबरले होते म्हणूनच निवडलेले होते. लोक का घाबरले हे त्यांच्याकडून समजू शकतं. किती लोक घाबरले हे समजू शकत नाही. आज बहुतेक अभ्यासक मानतात की ती 'देशभरची घबराट' वर्तमानपत्रांनी बरीच फुगवलेली होती. प्रश्न कुणाला विचारला यावर उत्तर कसं अवलंबून असतं, याचं हे नमुनेदार उदाहरण. माझ्या फॉर्मचंही तेच झालं होतं.

हा विषय नीट पायावर उभा केला तो व्हिएन्नाहून आलेल्या पॉल लाझार्सफेल्ड यांनी. १९३३ साली ते रॉकफेलर फेलोशिपवर अमेरिकेत आले. मायदेशी ज्यूंना जगणं अशक्य होत चाललं तसे इथलेच झाले. आधी प्रिन्स्टनचा रेडिओ संशोधन प्रकल्प आणि पुढे न्यूयॉर्कची कोलंबिया युनिव्हर्सिटी. गणिताचा माणूस, त्यामुळे 'मला वाटतं' या शब्दांवर त्यांचा विश्वास कमीच. फ्रँक स्टँटन यांच्याबरोबर त्यांनी एक यंत्र बनवलं. श्रोत्याच्या हातात दोन बटणं, हिरवं आणि लाल. कार्यक्रम आवडला की हिरवं दाबायचं, कंटाळा आला की लाल. कागदावर क्षणाक्षणाची नोंद उमटायची. मग रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञांनी त्यात भर घातली: नोंद झाल्यावर श्रोत्यांना बसवून विचारायचं, "या वाक्याला तुम्ही लाल बटण का दाबलंत?" आज प्रत्येक कंपनी ज्या 'फोकस ग्रुप'चा घोष करते, त्याचं मूळ इथे आहे.

लाझार्सफेल्ड यांचा गाजलेला अभ्यास १९४० सालचा. ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत त्यांनी ६०० मतदार निवडले आणि मे ते नोव्हेंबर त्याच त्याच माणसांना दर महिन्याला भेटून विचारलं, मत कुणाला, रुझवेल्टला की विल्कीला? याला पॅनेल पद्धत म्हणतात. एकदाच विचारलं तर फोटो मिळतो, पुन्हा पुन्हा विचारलं तर माणूस बदलताना दिसतो. पण पुन्हा पुन्हा विचारल्यामुळेच तो बदलला तर? तीही काळजी त्यांनी घेतली. वेगळे गट राखून ठेवले, त्यांना मध्ये एकदाच विचारलं आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहिली. निष्कर्ष अनपेक्षित होता. रेडिओ आणि वर्तमानपत्रांमुळे मत बदललेले लोक फारच थोडे. लोकांवर परिणाम होत होता तो शेजाऱ्याचा, मित्राचा, घरातल्या जाणत्या माणसाचा. बातमी आधी चार जाणत्यांपर्यंत पोचते आणि त्यांच्या तोंडून इतरांपर्यंत, असा हा दोन टप्प्यांचा प्रवास.

आता पुण्याकडे वळू या. त्यासाठी या गोष्टीतल्या दुसऱ्या पॉलची ओळख करून द्यायला हवी.

पॉल नॉयराथ यांचा जन्म १९११ सालचा, तेही व्हिएन्नाचेच. वडील ऑटो नॉयराथ नामांकित तत्त्वज्ञ. आकडेवारी साध्या चित्रांतून सामान्य माणसापर्यंत पोचवण्याची पद्धत त्यांनीच रुजवली. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर पॉल पकडले गेले आणि त्यांची रवानगी आधी डाखाऊ व मग बुखेनवाल्डच्या छळछावणीत झाली. १९३९ मध्ये सुटले ते स्वीडनला आणि तिथून १९४१ मध्ये अमेरिकेला. कोलंबियात त्यांनी समाजशास्त्राचा प्रबंध लिहिला. विषय? त्या छावण्यांमधलं समाजजीवन! जे सोसलं, त्याकडेच अभ्यासकाच्या नजरेने पाहिलं. हा प्रबंध पुस्तकरूपाने आला २००५ साली, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. पुढे ते न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजमध्ये प्राध्यापक झाले आणि १९५० च्या दशकाच्या मध्याला मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत पाहुणे प्राध्यापक म्हणून आले.

त्याच सुमाराला ऑल इंडिया रेडिओपुढे एक अवघड प्रश्न होता. खेड्यापाड्यांत सार्वजनिक रेडिओ संच बसवले जात होते. शेती, आरोग्य, शिक्षण यांवर कार्यक्रम होत होते. पण त्याने काही फरक पडतो का? कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालू होती. शेजारपाजारच्या लोकांनी जमून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि ठरलेलं आपल्या गावात करून पाहायचं. ही कल्पना आपल्याकडे चालेल का, हे पाहण्याचं युनेस्कोच्या मदतीने ठरलं. जगदीशचंद्र माथूर तेव्हा ऑल इंडिया रेडिओचे महासंचालक होते. मूल्यमापनाचं काम टाटा संस्थेकडे आणि तिथे नॉयराथ यांच्याकडे आलं.

जागा निवडली ती तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे: पुणे, नाशिक, कोल्हापूर, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) आणि उत्तर सातारा. (आपल्या सांगलीला तेव्हा दक्षिण सातारा म्हणत.) सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळं स्थापन झाली. एकेका मंडळात वीसपर्यंत सभासद. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि बोलायचं. काय ऐकलं, पटलं का, आपल्या गावात जमेल का? चर्चेचा वृत्तांत आणि शंका रेडिओकडे पाठवायच्या आणि उत्तरं पुढच्या कार्यक्रमात ऐकायची.

आता यातली खरी गंमत पाहा. नॉयराथ यांनी फक्त मंडळं असलेली गावं पाहिली असती, तर त्यांचा अहवाल माझ्या रंगीत आलेखाच्याच लायकीचा झाला असता. गावकरी शहाणे झाले खरे, पण कशामुळे? रेडिओमुळे, चर्चेमुळे, की त्याच दिवसांत ग्रामसेवक येऊन काही सांगून गेला म्हणून? म्हणून त्यांनी तीन प्रकारची गावं शेजारी शेजारी ठेवली. पहिली, जिथे रेडिओ आहे आणि मंडळही आहे. दुसरी, जिथे रेडिओ आहे पण मंडळ नाही. तिसरी, जिथे रेडिओच नाही. कार्यक्रम सुरू होण्याआधी त्याच विषयांवर लोकांना प्रश्न विचारले आणि दहा आठवडे संपल्यावर पुन्हा विचारले. शिवाय निरीक्षक प्रत्यक्ष चर्चांना जाऊन बसले. कोण बोलतं, कोण गप्प बसतं, वडीलधाऱ्यांपुढे तरणी पोरं तोंड उघडतात का, याच्या नोंदी घेतल्या. आकडे एकीकडे, डोळ्यांनी पाहिलेलं दुसरीकडे.

निकाल असा लागला. मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांची माहिती दहा आठवड्यांत भरघोस वाढली. मंडळ नसलेल्या गावांत ती जेमतेम वाढली, आणि तिथे रेडिओ असला काय नि नसला काय, फारसा फरक पडला नाही. म्हणजे नुसता रेडिओ भिंतीवर बोलत राहिला. खरी मशागत केली ती नंतरच्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने. आणि हे बोलणं नुसत्या बोलण्यावर थांबलं नाही. काही गावांनी विहिरी खणायला घेतल्या, कुठे जातिवंत वळू आणले, कुठे बालवाडी सुरू झाली. गावातलं सार्वजनिक काम पुढे रेटण्यात ही मंडळं निवडून आलेल्या पंचायतीपेक्षाही चपळ ठरू शकतात, असं अभ्यासकांना दिसलं.

ईरी काउंटीत जे दिसलं होतं, तेच वेगळ्या रूपात आपल्या चावडीवर दिसलं!

ही पुस्तिका वाचली त्या शनिवारी मी आजीला फोन केला. कॉलिंग कार्डाचा नंबर खरवडून बोलायचे ते दिवस. आजी कोरेगाव तालुक्यातली, १९५६ साली विशीतली सून. मी विचारलं, "आजी, तुमच्या गावात तेव्हा रेडिओ होता का गं?"

"व्हता की. चावडीवर व्हता. पर ऐकायला समदे बापय. बायामाणसांनी चावडीवर कशाला जायचं?"

"मग त्यात काय सांगतात ते तुला कळायचं कसं?"

"तुजा आज्जा घरी आला की सांगायचा. एकदा कंपोस्ट खताच्या खड्ड्याचं ऐकून आला. चार दिस तेच पुराण. खड्डा मातुर म्या खणला."

आजी हसली, मीही हसलो आणि तेवढ्यात कार्डाची मिनिटं संपली. पण तिचं ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. रेडिओपासून आजोबांपर्यंत आणि आजोबांपासून आजीपर्यंत, असे लाझार्सफेल्ड यांचे दोन टप्पे तिने मला दोन वाक्यांत समजावून दिले होते. त्यातली खोचही दाखवली होती. मोजणाऱ्याने चावडीवर बसलेल्यांनाच विचारलं, तर खड्डा कुणी खणला ते त्याच्या हिशेबात येतच नाही. पद्धत कितीही चोख असो, प्रश्न कुणाच्या दारात जाऊन विचारायचा हे माणूसच ठरवतो.

पुढच्या काळात हा प्रश्न हळूहळू घराच्या आत शिरला. १९७५-७६ मध्ये 'नासा'चा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरायला मिळाला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही दिसू लागला. हाच तो 'साइट' प्रयोग. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण अभ्यासाची पद्धत एक पाऊल पुढे गेली. प्रश्नावल्या होत्याच, शिवाय काही मानववंशशास्त्रज्ञ गावात मुक्कामाला राहिले. १९९० च्या दशकात कर्क जॉन्सन यांनी तेच आपल्या पाचगणीजवळच्या खेड्यांत केलं. गावात राहून, लोकांबरोबर बसून, टीव्ही आल्यावर जेवणाच्या वेळा, मुलांचे हट्ट, नवरा-बायकोचं बोलणं कसं बदलतं ते पाहिलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक २००० साली आलं. अशा अभ्यासातून टक्केवारी मिळत नाही. पण टक्केवारीमागची माणसं भेटतात.

आणि मग रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास, २००९ साली प्रसिद्ध झालेला. २००१ ते २००३ या तीन वर्षांत गोवा, बिहार, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली इथल्या १८० ठिकाणी त्याच त्याच कुटुंबांना दरवर्षी भेट दिली गेली. पॅनेल पद्धतच! मधल्या काळात त्यांतल्या २१ गावांत केबल आली. कुणी प्रयोग म्हणून आणली नव्हती, केबलवाल्याने धंद्यासाठी आणली होती. पण त्यामुळे केबल येण्याआधीची आणि नंतरची तीच गावं, आणि शेजारी केबल न आलेली गावं, अशी तुलना आपोआप करता आली. या वेळी प्रश्न विचारले होते बायकांना. केबल आलेल्या गावांत नवऱ्याने मारणं योग्य आहे असं मानणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला, घरच्या निर्णयांत बायकांचा शब्द वाढला. अर्थात, तोंडाने सांगितलेलं आणि प्रत्यक्ष वागणं यांत अंतर असू शकतं, हे अभ्यासकांनाही ठाऊक होतं. पण १९५६ च्या चावडीवरून प्रश्न पंचेचाळीस वर्षांनी का होईना, स्वयंपाकघरापर्यंत पोचला. आजी हे वाचायला हवी होती.

पुण्याच्या प्रयोगाचं पुढे काय झालं? १९५९ पासून श्रोतृमंडळं देशभर पसरवण्यात आली. पण प्रयोगाच्या वेळी गावोगाव फिरून मंडळांची विचारपूस करणारी माणसं होती. पसाऱ्यात ती निगराणी टिकली नाही. संच वाटणं सोपं, माणसं बोलती ठेवणं अवघड. आणि प्रामाणिकपणे हेही म्हणायला हवं, की आपल्याकडे कुणीतरी मुंबईहून लक्ष ठेवून आहे हे कळल्यावर कुठलंही गाव दहा आठवडे हुरूप दाखवेल. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या १९२० च्या दशकातल्या प्रयोगांपासून संशोधक या गोष्टीची धास्ती बाळगून आहेत.

आता आपल्या मंडळाकडे परत. काकूंच्या प्रश्नानंतर मी माझा आलेख मागे घेतला. अध्यक्ष थोडे खट्टू झाले. पण त्यातून एक छोटी गोष्ट सुरू झाली. आता महिन्याच्या शेवटच्या रविवारी मराठी शाळेत एखादा लघुपट किंवा सिनेमाचा तुकडा दाखवतो, मग पडदा बंद करतो आणि अर्धा तास मुलांना बोलू देतो. मोडकंतोडकं चालेल, मध्येच इंग्रजी शब्द आला तरी चालेल, पण बोलायचं मराठीत. परवा एका नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं, "त्या आजोबांनी त्या मुलाला रागावलं का? त्याची काय फॉल्ट होती?" त्यावर वीस मिनिटं घनघोर चर्चा झाली!

याने मुलांचं मराठी सुधारलं का? सुधारलंय असं मला वाटतं. पण 'मला वाटतं' या शब्दांवर किती विसंबायचं ते वर लिहिलंच आहे. माझ्याकडे तुलनेला दुसरा गट नाही, आधी घेतलेली चाचणी नाही. म्हणून मी याला प्रयोग म्हणत नाही. येत्या सप्टेंबरला शाळा सुरू होईल तेव्हा मात्र पहिल्याच रविवारी सगळ्या मुलांची एक छोटी तोंडी परीक्षा घ्यायचं ठरवलंय, आणि वर्षाअखेरीला पुन्हा तीच. ज्या पालकांना यात मदत करायची असेल त्यांनी जरूर भेटा. काकूंनी होकार दिलाच आहे. प्रश्न त्याच काढणार आहेत.

तोवर घरी एवढंच करून पाहा. आज रात्री मराठी सिनेमा लावलात, तर संपल्यावर रिमोट बाजूला ठेवा आणि मुलांना विचारा, "तुला काय वाटलं रे?" आणि मग थांबा. चावडीवरच्या त्या मंडळींसारखं, त्यांना बोलू द्या.